फायबरचे हलके बॉनेट रोजच्या गाडीवर सुरक्षितपणे कसे बसवावे?

घाटवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे २०१० सालची स्विफ्ट आहे आणि कामानिमित्त सातारा ते पुणे असा माझा नेहमीचा प्रवास असतो. मूळ बॉनेटच्या पुढच्या कडेला आतून गंज लागून पत्रा पोखरला गेला होता, म्हणून एका ओळखीच्या गॅरेजमार्फत मी फायबरचे, म्हणजे काचेचे तंतू आणि रेझिन (सुकून कडक होणारा राळेसारखा द्रव) यांच्या थरांचे, तयार बॉनेट घेतले. ते मूळ बिजागऱ्यांवर बसते, मूळ लॉकमध्ये अडकते, कडांची फटही बऱ्यापैकी सारखी आली आहे, आणि वजन इतके कमी आहे की ते एकट्याने सहज उचलता येते.

अडचण वेगाची आहे. शहरात काही जाणवत नाही. परंतु महामार्गावर ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेले की बॉनेटचे पुढचे दोन्ही कोपरे थरथरू लागतात, आणि एखाद्या कंटेनरला ओलांडून त्याच्या पुढे निघताना डावा कोपरा बोटभर वर उचललेला चालकाच्या आसनावरून स्पष्ट दिसतो. मधले लॉक अजून सुटलेले नाही. गॅरेजवाले म्हणतात की दोन बॉनेट पिन (गाडीच्या सांगाड्यावरून बॉनेटच्या भोकातून वर येणारा दांडा, ज्याला वरून क्लिप अडकवतात) ठोकून मूळ लॉक काढून टाका. दुसऱ्या एकाने कोपऱ्यांत सरळ स्क्रू मारण्याचा सल्ला दिला. गाडीत घरची माणसे बसतात, त्यामुळे मला जुगाड नको आहे. पिन खरोखर आवश्यक आहेत का, त्या लावल्या तर मूळ लॉक ठेवावे की काढावे, आणि फायबरला भोक पाडताना ते तडकू नये म्हणून काय करावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तंतुकाम

घाटवाट, नमस्कार. फायबरचे साचे आणि भाग बनवणे हा माझा व्यवसाय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. सर्वांत आधी एक विनंती: दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत ही गाडी महामार्गावर नेऊ नका. थरथरणारा कोपरा नुसता दिसायला वाईट असतो असे नाही. प्रत्येक हेलकाव्यागणिक लॉकच्या हुकाभोवतालचे फायबर थोडे थोडे थकत असते, आणि ते तुटते तेव्हा सूचना देऊन तुटत नाही.

आता कारण पाहू. फायबर हलके म्हणून बॉनेट हलके झाले, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. मूळ बॉनेटचा वरचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे वजन चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास भरते. हाताने थर देऊन केलेले ३ मिलिमीटर जाडीचे फायबर चौरस मीटरला साडेचार किलोच्या घरात जाते. म्हणजे नुसत्या वरच्या पृष्ठभागाची तुलना केली तर बचत फार मोठी नाही. खरी बचत होते ती आतला सांगाडा वगळल्यामुळे. मूळ बॉनेट उघडून खालून पाहिलेत तर पत्र्याचा दुसरा थर, त्याच्या उठावदार पट्ट्या, लॉकच्या जागी आणि बिजागरीच्या जागी जास्तीचे जाड पत्रे दिसतील. हे दोन थर मिळून एक बंद पोकळ पेटी तयार होते आणि त्या पेटीमुळेच मध्यभागी एकच लॉक असूनही दोन्ही कोपरे जागेवर राहतात. बाजारातील स्वस्त फायबर बॉनेटमध्ये हा सांगाडा एकतर नसतो किंवा नावापुरता असतो. मग लॉक मधोमध धरून ठेवते आणि कोपरे मोकळे राहतात.

वाऱ्याचा जोर किती असतो, याचाही अंदाज असू द्या. ताशी १०० किलोमीटर वेगाला हवेचा गतिज दाब चौरस मीटरला सुमारे ४६० न्यूटन, म्हणजे साधारण ४७ किलो वजनाइतका होतो. ८० ला तो ३० किलोच्या आसपास असतो आणि १२० ला ६८ च्या. वेग दीडपट झाला की दाब सव्वादोन पट होतो, म्हणून “८० ला थोडेसेच हलते” या वाक्यावर समाधान मानू नये. हा सगळा दाब बॉनेटला वर उचलत नाही हे खरे. परंतु पुढच्या कडेच्या लगेच मागे बाहेरून ओढ निर्माण होते आणि ग्रिलमधून आत शिरलेली हवा खालून रेटा देते, त्यामुळे दोन्ही परिणाम एकाच दिशेने काम करतात. कंटेनरच्या तोंडाशी हवा फाकलेली आणि खवळलेली असते, तेथून बाहेर पडताना त्या बाजूचा कोपरा उचलला जातो तो यामुळेच.

तेव्हा पिन आवश्यक आहेत का, तर होय, आहेत. मात्र पिन लावण्यापूर्वी बॉनेट उलटे करून लॉकचा हूक कशात बसवला आहे ते पाहा. फायबरच्या थरांत लोखंडी पट्टी गाडून तिला नट वेल्ड केलेले असतील तर उत्तम. हुकाचे बोल्ट नुसत्या फायबरमधून आरपार जात असतील, आणि बोल्टभोवती पांढुरकी जाळी किंवा केसासारख्या रेघा दिसत असतील, तर तेथील थर सुटू लागले आहेत असे समजा. बिजागऱ्यांच्या जागीही हीच तपासणी करा. लोकांचे सगळे लक्ष पुढच्या कडेवर असते, पण मागची बिजागरी फायबरमधून उपटली तर आख्खे बॉनेटच काचेवर येते.

पिनची जागा ठरवताना वर नव्हे, खाली पाहून ठरवा. रेडिएटरच्या वरून जाणारी जी लोखंडी आडवी पट्टी असते, तिला किंवा तिला पक्क्या जोडलेल्या ब्रॅकेटलाच पिन बसली पाहिजे. हेडलाइटच्या प्लास्टिकला किंवा ग्रिलच्या आधाराला बसवलेली पिन म्हणजे केवळ शोभा. बॉनेटच्या दोन्ही कोपऱ्यांपासून साधारण १० ते १५ सेंटिमीटर आत अशी भक्कम जागा बहुधा सापडते. खालच्या बाजूला पिनच्या आटेदार भागावर वरून एक आणि खालून एक असे दोन नट आवळून उंची पक्की करा. भोक नेमके कोठे पडावे यासाठी मोजपट्टीवर विसंबू नका. पिनच्या टोकाला ग्रीस किंवा ओला रंग लावा, बॉनेट अलगद टेकवा, आतून ठिपका उमटेल; तीच जागा.

भोक पाडताना बाहेरच्या बाजूला मास्किंग टेप लावा, आधी ३ मिलिमीटरचे छोटे भोक पाडा आणि मग टप्प्याटप्प्याने मोठे करा. ड्रिल हळू चालवा, खालून लाकडाचा तुकडा टेकवून धरा आणि हातोडी मारणारे ड्रिल अजिबात वापरू नका. अंतिम भोक पिनच्या व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे ठेवा. घट्ट भोकात पिन घासत राहते आणि तेथूनच तडा सुरू होतो. भोकाची उघडी कड लगेच रेझिनने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थरांमध्ये शिरते. आतल्या बाजूला तळहाताएवढी दोन मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी लावा, म्हणजे वर ओढणारा जोर भोकाच्या काठावर न येता मोठ्या क्षेत्रावर पसरेल. बॉनेट कार्बन फायबरचे असते तर मी अॅल्युमिनियम सुचवले नसते, कारण कार्बन आणि अॅल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झपाट्याने गंजते. तेथे स्टेनलेस स्टील घ्यावे. आणि हो, फायबरची धूळ फुप्फुसांसाठी घातक आहे, तेव्हा नाकाला रुमाल बांधून भागणार नाही, योग्य मास्क आणि चष्मा वापरा.

कोपऱ्यांत स्क्रू मारण्याचा सल्ला मात्र कृपया विसरा. फायबरमध्ये स्क्रूचे आटे टिकत नाहीत, आणि रस्त्यात इंजिन तापले किंवा धूर आला तर तुम्ही बॉनेट वेळेत उघडू शकणार नाही.

पिटलेन

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मोटरस्पर्धांमध्ये गाड्यांच्या तांत्रिक तपासणीचे काम मी पाहिले आहे, त्यामुळे लॉक ठेवावे की काढावे या प्रश्नापुरते लिहितो, कारण गॅरेजवाल्यांचा सल्ला बहुधा तेथूनच आलेला आहे.

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे एफआयएच्या नियमांनुसार रॅलीच्या गाडीवर बॉनेटला किमान दोन जादा सुरक्षा-पिन लागतात आणि मूळ लॉक निकामी करावे किंवा काढून टाकावे लागते. त्यामागचा हेतू असा की आग लागली तर बाहेरच्या माणसाला गाडीच्या आतली खटकी न शोधता बॉनेट उघडता यावे. परंतु त्या गाडीभोवती प्रत्येक फेरीआधी पिना हाताने ओढून पाहणारी माणसे असतात. रोजच्या गाडीला तशी सोय नाही. सर्व्हिसिंगनंतर मेकॅनिक एक क्लिप लावायला विसरला, किंवा पार्किंगमध्ये कोणी खोडसाळपणे ती काढून नेली, तर तुमच्याजवळ दुसरा आधार काय उरतो? म्हणून रस्त्यावरच्या गाडीत मूळ लॉक आणि त्याच्या सोबतची दुसरी खटकी, म्हणजे केबल ओढल्यावरही बॉनेट अर्धवट अडकवून धरणारा जो हूक आपण बोट घालून सोडवतो, या दोन्ही गोष्टी चालू स्थितीत राहिल्याच पाहिजेत. काही फायबर बॉनेटमध्ये या दुसऱ्या खटकीसाठी जागाच ठेवलेली नसते. तसे असेल तर पिना कितीही महागाच्या असोत, ते बॉनेट महामार्गासाठी योग्य नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिन निवडताना बारीक वायरची क्लिप असलेला साधा प्रकार आणि बॉनेटच्या पृष्ठभागात सपाट बसणारा, दाबून बंद होणारा लॅच, असे दोन पर्याय मिळतात. सपाट लॅच दिसायला नीटनेटका असतो आणि काहींना किल्लीही असते, पण त्यासाठी बॉनेटमध्ये मोठा खाचा कापावा लागतो आणि पातळ फायबरवर तो मला पटत नाही. साधी पिन घ्या, पण दांडा पोलादी घ्या. क्लिप अशा दिशेने घाला की वारा तिला आत ढकलेल, बाहेर काढणार नाही. तिची तार आखूड ठेवा, म्हणजे ती रंगावर आपटत राहणार नाही.

पिनची उंची लावताना एक गोष्ट पाळा. बॉनेट खाली खेचून घट्ट करणे हे पिनचे काम नाही. पुढच्या कोपऱ्यांखाली जे रबरी बफर असतात ते फिरवून इतके वर घ्या की बॉनेट बंद झाल्यावर त्यांच्यावर किंचित दाबून बसेल. थरथर थांबवण्याचे काम ते करतात. पिन फक्त वर जाण्यापासून अडवते. क्लिप बोटाने सहज जावी आणि बॉनेट वर ओढले तर एखाद-दोन मिलिमीटरच हलावे, इतपत मोकळीक बरोबर.

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. आज बॉनेट उलटे करून पाहिले. बिजागऱ्यांच्या जागी लोखंडी पट्ट्या गाडलेल्या आहेत आणि तेथे सर्व ठीक दिसते. लॉकच्या हुकाचे दोन्ही बोल्ट मात्र थेट फायबरमधून गेलेले आहेत आणि एका बोल्टभोवती तुम्ही म्हणता तशी पांढरी जाळी आहे. आतला सांगाडा जवळजवळ नाहीच. कडेने एक गोल दुमड तेवढी आहे. दुसऱ्या खटकीसाठी हूक आहे आणि तो अडकतो, याची खात्री करून घेतली.

यावरून दोन शंका. जुन्या बॉनेटचा आतला लोखंडी सांगाडा कापून या फायबरला चिकटवता येईल का? आणि गॅरेजमध्ये बॉनेटची मागची कड वॉशर घालून थोडी उचलून देण्याविषयी सुचवले आहे, म्हणजे इंजिनची गरम हवा बाहेर जाईल आणि खालचा दाबही कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. ते करावे का?

तंतुकाम

लोखंडी सांगाडा चिकटवू नका. लोखंड आणि फायबर उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, गंज आतून चालूच राहतो, आणि ज्या बॉनेटचा पत्रा गंजून पोखरला त्याचाच सांगाडा पुन्हा वापरण्यात अर्थ नाही. त्याऐवजी फायबरच्याच पट्ट्या उभारा. पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या दोन-अडीच सेंटिमीटर उंचीच्या, वर निमुळत्या पट्ट्या कापा. एक पुढच्या कडेला समांतर, आणि दोन लॉकपासून मागच्या बिजागऱ्यांकडे तिरक्या जाणाऱ्या. त्या बॉनेटच्या आतल्या बाजूला टेकवून त्यांच्यावर मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन थर रेझिनमध्ये भिजवून चढवा आणि मॅट दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटर पसरू द्या. फोम येथे फक्त आकार देण्यासाठी आहे. ताकद त्यावरच्या फायबरच्या कमानीत असते. पैसे वाचवण्यासाठी थर्माकोल वापरू नका, पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमुळे तो डोळ्यांदेखत विरघळून जातो.

लॉकच्या जागेचे काम त्याआधी करा. तडकलेला भाग ग्राइंडरने घासून पांढरेपणा पूर्ण जाईपर्यंत काढा, कडा उतरत्या करा, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करून अॅसिटोनने पुसा. ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीला नट वेल्ड करून, तिचे कोपरे गोल करून, तिला भोके पाडून घ्या, म्हणजे रेझिन त्यांतून आरपार जाऊन पकड घेईल. ही पट्टी थरांच्या मधे बसवा आणि वरून मॅट चढवा. पट्टी जितकी रुंद तितके चांगले; हाताच्या पंजाएवढी तरी असावी. किमान २४ तास सुकू द्या, आणि त्या काळात हूक लावून ओढून पाहण्याचा मोह टाळा.

मागची कड उचलण्याचा प्रकार मला अजिबात मान्य नाही. समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते, तेथे दाब जास्त असतो. म्हणूनच गाडीच्या आत हवा घेणारी जाळी कंपन्या तेथे ठेवतात. वेगात असताना त्या फटीतून गरम हवा बाहेर जाणार नाही, उलट बाहेरची हवा आत ढकलली जाईल आणि बॉनेटखालचा दाब वाढेल. गाडी सिग्नलला उभी असताना मात्र इंजिनचा धूर आणि वास त्याच जाळीतून केबिनमध्ये येईल. शिवाय लांब वॉशरांवर उभ्या असलेल्या बिजागरीच्या बोल्टवर वाकवणारा जोर येतो. हवा खरोखर बाहेर काढायची असेल तर झरोका बॉनेटच्या पुढच्या भागात, जेथे बाहेरून ओढ असते तेथे, असावा लागतो. पण तुमच्या साध्या इंजिनाला त्याची गरज नाही.

उष्णतेविषयी एवढेच की सर्वसाधारण पॉलिएस्टर रेझिन ६० ते ८० अंशांच्या दरम्यान मऊ पडू लागते. घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करून गाडी उन्हात उभी केली की बॉनेटखाली तेवढी उष्णता साठू शकते. इंजिनच्या ज्या भागावर जास्त तापमान असते त्याच्या वर आतल्या बाजूने उष्णता परतवणारा चमकदार पत्रा लावून घ्या.

नोंदणीपुस्तक

तांत्रिक बाजूवर तज्ज्ञांनी लिहिले आहेच. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा तसाच कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मूळ आकाराचे आणि मूळ रंगाचे बदली बॉनेट आणि रंग न देता कार्बनची वीण उघडी ठेवलेले, उंच झरोक्यांचे बॉनेट यांच्याकडे तपासणारा अधिकारी एकाच नजरेने पाहील असे नाही, म्हणून बॉनेट गाडीच्याच रंगात रंगवा आणि काम सुरू करण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी विचारून घ्या. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवून पोच जपून ठेवा.

आणखी एक मुद्दा, जो मला कायद्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मूळ बॉनेटमध्ये मुद्दाम कमकुवत ठेवलेल्या रेषा असतात, ज्यामुळे समोरून धडक बसली की ते मधोमध घडी पडून उंचावते आणि काचेकडे सरकत नाही. पादचारी त्यावर आदळला तर वाकून धक्का शोषून घेण्याचाही विचार त्यात केलेला असतो. फायबरच्या बॉनेटला ही चाचणी झालेली नसते, ते घडी न पडता फुटते आणि त्याच्या कडा धारदार असतात. हे बॉनेट वापरण्याचे एकमेव कारण गंज असेल, तर कंपनीचे नवे लोखंडी बॉनेट रंगकामासह किती पडते याची चौकशी अवश्य करावी.

घाटवाट

हा मुद्दा पटला. नव्या लोखंडी बॉनेटसाठी मागणी नोंदवून ठेवत आहे. तोपर्यंत वर सांगितल्याप्रमाणे लॉकची पट्टी, आतल्या पट्ट्या आणि पिना करून घेतो आणि गाडी शहरापुरतीच वापरतो. काम झाल्यावर चाचणी कशी घ्यावी, आणि दुर्दैवाने धावत्या गाडीत बॉनेट उघडलेच तर काय करावे, एवढे सांगितलेत तर उपकार होतील.

पिटलेन

चाचणी आधी उभ्या गाडीवर घ्या. पिनच्या क्लिप काढून, केवळ मूळ लॉकवर, दोन्ही कोपरे हाताने वर ओढा. मग क्लिप लावून पुन्हा ओढा. त्यानंतर केबल ओढून मुख्य लॉक सोडा आणि दुसरी खटकी एकटीने बॉनेट धरते का ते पाहा. रस्त्यावर मोकळ्या पट्ट्यात पहाटेच्या वेळी ४०, मग ६०, मग ८० असा वेग हळूहळू वाढवा आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीला दोन्ही कोपऱ्यांचे मोबाइलवर चित्रीकरण करू द्या. चालकाने स्वतः न्याहाळत बसू नये. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून भोकांच्या काठाला आणि हुकाच्या बोल्टला हात लावून पाहा. बारीक पांढरी रेघही दिसली तर पुढचा टप्पा रद्द. पुढे दर आठवड्याला आणि प्रत्येक सर्व्हिसिंगनंतर हेच निरीक्षण करत राहा.

धावताना बॉनेट उघडलेच तर ब्रेक जोरात दाबू नका, कारण मागच्या वाहनाला तुमची अडचण कळलेली नसते. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडा आणि धोक्याचे दिवे लावा. डोके खाली करून डॅशबोर्ड आणि बॉनेट यांमधल्या फटीतून पाहा; बहुतेक गाड्यांत तेथून थोडा रस्ता दिसतो. तेही शक्य नसेल तर उजव्या खिडकीतून दुभाजकाची किंवा पट्ट्याची रेषा धरा. वेग हळूहळू कमी करत डाव्या कडेला या, आणि उतरताना रहदारीच्या विरुद्ध बाजूच्या दाराने उतरा. त्या वेळी मोडलेले बॉनेट दोरीने बांधून पुढे जाण्याचा विचार करू नका. ते पूर्ण काढून आत किंवा टपावर ठेवण्यापेक्षाही गाडी ओढून नेणाऱ्याला बोलावणे चांगले.